आधी हेर, मग फौज

पावसाळ्यात बाइक काढून जव्हारला जाणाऱ्यांच्या लिस्टवर शिरपामाळ असतोच. १६६४ च्या जानेवारीतल्या सुरत स्वारीला निघालेले शिवाजी महाराज इथे थांबले आणि जव्हारच्या विक्रमशहा राजांनी त्यांना शिरपेच चढवला, असं जव्हारकर सांगतात. म्हणून शिरपामाळ! पण त्या मोहिमेतला आयटीवाल्यांनी उचलावा असा भाग वेगळाच आहे. फौजेआधी बहिर्जी नाईक सुरत हेरून आले होते म्हणतात.

मुंबईत कुलाब्याच्या टीआयएफआरमध्ये आज हीच आयडिया कॉम्प्युटर्सवर चालते. जिनिव्हाजवळच्या सर्नमधल्या सीएमएस प्रयोगाचं टियर-टू केंद्र तिथे आहे. २०१२ मध्ये हिग्ज बोसॉन सापडला तो ज्या दोन प्रयोगांत, त्यांतला हा एक. सर्नच्या डेटाचं काम जगभरच्या सुमारे १७० सेंटर्समध्ये वाटलेलं असतं. गोची अशी, की प्रत्येक सेंटरचा शेड्युलर वेगळा. म्हणजे कुठला जॉब कधी, कुठल्या मशीनवर, हे ठरवणारा तिथला साहेब. आपापल्या राज्यात प्रत्येक साहेब हुशार. शेजारच्याची गंधवार्ता नाही. मग एकीकडे रांग मारुतीच्या शेपटासारखी, दुसरीकडे मशीन्स माशा मारत बसलेली. दोन टीम लीडर्स असलेल्या ऑफिसात काम केलेल्यांना हे वेगळं सांगायला नको.

सगळ्यांवर एक सुपरबॉस नेमला असता, तर त्याचं ऐकलं कुणी असतं? त्याऐवजी निघाली पायलट जॉबची युक्ती. खरं काम आधी पाठवायचंच नाही. नुसता एक हेर रांगेत उभा करायचा. नंबर लागला की तो मशीन तपासतो : डिस्क आहे का, मेमरी पुरेल का, सॉफ्टवेअर दिसतंय का. सगळं ठीक असेल तरच एचटीकॉन्डर नावाच्या मध्यवर्ती सिस्टिमला कळवतो, 'जागा आहे, काम द्या.' मशीन बिघडलेलं निघालं तर पायलट मरतो, कुणाच्या तरी पीएचडीचा जॉब वाचतो. आणि कुणाला किती वाटा द्यायचा, हे स्थानिक साहेबच ठरवतो. (भांडण मिटवण्याचा याहून सभ्य मार्ग मी तरी पाहिलेला नाही.)

फुकट मात्र काहीच नसतं, बॉस. एक पायलट बऱ्याचदा आठ कोअर्स अडवतो. मध्यवर्ती रांग आटली, किंवा त्याच्या उरलेल्या वेळात बसेल असा जॉबच मिळाला नाही, तर ते कोअर्स नुसते बसून राहतात. स्थानिक शेड्युलरच्या हिशेबात तरी ते 'बिझी'च. आणि बाहेर दुसऱ्याच कुणाचा तरी जॉब नंबर लागायची वाट बघत असतो.