विश्लेषण : सिनेमाचे चाहते की संशयित? ‘मुळशी पॅटर्न’चे मथळे तपासून का वाचावेत?

पुणे–पौड रस्त्यावर पिरंगुट ओलांडले की घोटावडे फाटा लागतो. तिथून घोटावडे, माणमार्गे हिंजवडीच्या आयटी पार्ककडे जाता येते. या पट्ट्यातला तरुण पुण्यात नोकरीसाठी किंवा भाड्याची खोली बघायला गेला आणि गाव विचारल्यावर ‘मुळशी’ म्हणाला, की ‘म्हणजे पॅटर्नवाले!’ हा शेरा ऐकण्याची त्याला तयारी ठेवावी लागते. गाडीवर सिनेमाच्या नावाचा स्टिकर असेल तर समोरच्याची नजरच बदलते. चेष्टेचे संशयात रूपांतर कसे झाले?

हा सिनेमा नेमका काय सांगतो?

प्रवीण तरडे यांनी लिहिलेला आणि दिग्दर्शित केलेला ‘मुळशी पॅटर्न’ २३ नोव्हेंबर २०१८ रोजी प्रदर्शित झाला. ओम भूतकर प्रमुख भूमिकेत होते. २०२१ मध्ये त्यावरून ‘अंतिम’ हा हिंदी सिनेमा आला. जमीन गेल्यावर देशोधडीला लागलेले शेतकरी कुटुंब आणि गुंडगिरीकडे वळलेला मुलगा, अशी ही गोष्ट. सिनेमाचा रोख जमिनीच्या व्यवहारांवर आहे. मात्र बातम्यांनी त्यातून नेमका कोयता आणि पिस्तूल तेवढे उचलले. खून कुठेही होवो, ‘मुळशी पॅटर्न स्टाईल’ हे शब्द मथळ्यात ठरलेले. पुढची पायरी म्हणजे, आरोपी या सिनेमाचा चाहता होता, म्हणून त्याने गुन्हा केला, असा निष्कर्ष.

सिनेमा आधी की गुन्हा आधी?

साधे कालगणित मांडले तरी हा निष्कर्ष डळमळतो. संदीप मोहोळचा खून कोथरूडच्या पौड फाट्याजवळ २००६ मध्ये झाला, म्हणजे सिनेमाच्या १२ वर्षे आधी. टोळ्यांचे वैर सिनेमाने जन्माला घातले नाही. सिनेमाच त्या वास्तवातून आला.

५ जानेवारी २०२४ रोजी सुतारदऱ्यात शरद मोहोळवर त्याच्याच सोबत वावरणाऱ्यांनी गोळ्या झाडल्या, तेव्हाही सिनेमाची आठवण लगेच निघाली. प्राथमिक तपासात पोलिसांनी कारण सांगितले ते जमीन आणि पैशाच्या जुन्या वादाचे. मथळ्यात सिनेमा आला आणि जमीन चौथ्या परिच्छेदात गेली. मुळशीत जमिनीचा प्रश्न नवा नाही. टाटांच्या धरणाविरुद्ध सेनापती बापटांनी इथल्या शेतकऱ्यांसह सत्याग्रह केला, त्याला शंभरहून अधिक वर्षे झाली.

‘सिनेमा पाहून केले’ हे कोण सांगते?

बहुतेक वेळा ‘पोलिस सूत्रांनुसार’ एवढाच आधार असतो. कोठडीत आरोपी काय बोलला, हे पत्रकार परिषदेत किंवा त्याबाहेर सांगितले जाते आणि तेच शीर्षक बनते. पण पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध सिद्ध करता येत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम २३ मध्ये हे स्पष्ट आहे. आधीच्या १८७२ च्या कायद्यातही तेच होते. शिवाय, आपण करू ते सिनेमाच्या माथी मारणे आरोपीलाही सोयीचे असते.

न्यायालयांनी काय बजावले आहे?

सुशांतसिंह राजपूत प्रकरणातील वार्तांकनाबाबत मुंबई उच्च न्यायालयाने १८ जानेवारी २०२१ रोजी निकाल दिला. पोलिसांपुढील कबुली हा जणू ग्राह्य पुरावाच आहे असे लोकांना भासवू नये, असे त्यात माध्यमांना बजावले आहे. १३ सप्टेंबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांनी माध्यमांना माहिती कशी द्यावी याची नियमावली तीन महिन्यांत तयार करण्यास केंद्रीय गृह मंत्रालयाला सांगितले.

चाहत्यांवर शिक्का बसला की काय होते?

अमेरिकेचे उदाहरण बोलके आहे. ‘इन्सेन क्लाउन पॉसी’ या रॅप जोडीच्या चाहत्यांना ‘जगलो’ म्हणतात. २०११ मध्ये एफबीआयने टोळ्यांविषयीच्या अहवालात त्यांचा समावेश केला. काही चाहत्यांनी गुन्हे केले होते, पण शिक्का सगळ्यांवर बसला. केवळ अंगावरच्या किंवा वाहनावरच्या चिन्हामुळे आपल्याला अडवले गेले, लष्कर भरतीत अडचण आली, अशा तक्रारी घेऊन चाहते २०१४ मध्ये न्यायालयात गेले. न्यायालयाने त्यांना दिलासा दिला नाही. सप्टेंबर २०१७ मध्ये त्यांनी वॉशिंग्टनमध्ये मोर्चा काढला. शिक्का मारायला अहवालातली दोन पाने पुरतात. तो पुसायला वर्षेही पुरत नाहीत.

मग उदात्तीकरण होतच नाही का?

होते, आणि त्याकडे काणाडोळा करू नये. खऱ्या गुंडाच्या वाढदिवसाचे रील बनवणे, हत्यार नाचवत स्टेटस ठेवणे, हा सिनेमाचा छंद नव्हे. फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे पोलिसांनी टोळ्यांच्या म्होरक्यांना आयुक्तालयात बोलावून समाजमाध्यमांवरील अशा प्रकारांबद्दल तंबी दिली, ती योग्यच. पण इथे कृती तपासली जाते, आवड नाही. सिनेमाचा संवाद पाठ असणे आणि कोयता घेऊन फिरणे यांत कायद्याच्या दृष्टीने जमीन-अस्मानाचा फरक आहे. तो बातमीतही दिसला पाहिजे.

मोबाइलवर अशी बातमी आली तर?

तीन गोष्टी पाहा. सिनेमाचा उल्लेख नावानिशी अधिकाऱ्याने केला आहे की ‘सूत्रांनी’? पैसा, जमीन, जुने वैर अशी दुसरी कारणे बातमीत खाली दडली आहेत का? आणि तोच सिनेमा पाहून दुसऱ्या दिवशी निमूट कामावर गेलेल्या लाखो लोकांचे काय? या प्रश्नांची उत्तरे मिळाली नाहीत, तर बातमी पुढे पाठवू नका.

घोटावड्याचा तरुण हिंजवडीत मुलाखतीला बसतो, तेव्हा त्याच्या शिक्षणाकडे आणि कामाकडे पाहिले जावे, एवढीच अपेक्षा आहे. गुन्ह्याचा तपास आरोपीचा व्हावा. तालुक्याचा किंवा तिकीट काढून सिनेमा पाहणाऱ्याचा नव्हे.