अंगणवाडी काही तासांची, पाळी आठ तासांची; बाळ कोणाकडे?

चाकण, भोसरी, तळवडेतल्या कारखान्यांत आई-बाबा दोघेही पाळीवर गेले, की भाड्याच्या खोलीत बाळाला सांभाळायचे कोणी? अनेकांचे आजी-आजोबा मराठवाड्यात, नाहीतर थेट बिहारमध्ये.

कायदा काय सांगतो? मातृत्व लाभ कायद्यातील २०१७ च्या दुरुस्तीने ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेला पाळणाघर बंधनकारक केले. आईला दिवसातून चार वेळा तिथे जाण्याची मुभाही दिली. मेख आकड्यात आहे. भोसरीच्या गाळ्यात ३० जण राबत असतील, तर हा नियम लागूच होत नाही.

१९७५ च्या एकात्मिक बालविकास योजनेतून आलेली अंगणवाडी पोषण आहार, पूर्वप्राथमिक शिक्षण देते, पण काही तासच. केंद्राच्या ‘पाळणा’ योजनेत तिला पाळणाघराची जोड देता येते.

सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० नुसार अनेक आस्थापना मिळून सामाईक पाळणाघर चालवू शकतात. लहान उद्योगांसाठी हाच व्यवहार्य मार्ग. रस्ते, विजेसाठी एमआयडीसीकडे पाठपुरावा करणाऱ्या उद्योजक संघटनांनी पाळणाघरासाठी जागाही मागावी. ते मात्र पहिल्या पाळीचा भोंगा होण्याआधी उघडले पाहिजे.