घरची शुश्रूषा : जळू, पालेभाजी आणि रक्ताची गोळी

मृगाचा पाऊस स्थिरावला की जोयडा तालुक्यातील रानवाटांवर जळवा दिसू लागतात. जळू पायाला केव्हा चिकटली हे कळत नाही. ती गळून पडल्यावर मात्र जखमेतून बराच वेळ रक्त वाहत राहते. तिच्या लाळेत रक्त गोठू न देणारे द्रव्य असते, हे जॉन हेक्रॅफ्ट यांनी १८८४ साली दाखवून दिले. पुढे त्यास हिरुडिन हे नाव मिळाले.

जळू काही काळापुरते जे करते, तेच काही रुग्णांच्या बाबतीत औषधाने रोज घडवून आणावे लागते. हृदयात धातूची कृत्रिम झडप बसविली असेल, तर तिच्यावर रक्ताची गुठळी धरण्याचे भय आयुष्यभर राहते. ती गुठळी मेंदूत गेली की पक्षाघात होतो. म्हणून वॉर्फरिन किंवा ॲसिनोकुमेरॉलची गोळी दिली जाते. ‘रक्त पातळ करणारी गोळी’ असे आपण म्हणतो. वास्तविक रक्त पातळ होत नाही. यकृत ‘के’ जीवनसत्त्वाच्या साहाय्याने रक्त गोठविणारी जी द्रव्ये तयार करते, ती या गोळीने कमी होतात. अलीकडे याहून निराळ्या, वारंवार तपासणी न लागणाऱ्या गोळ्या निघाल्या आहेत. परंतु धातूच्या झडपेसाठी त्या चालत नाहीत.

‘के’ जीवनसत्त्व हिरव्या पालेभाज्यांत विपुल असते. उन्हाळ्यात पालेभाजी क्वचित आणि श्रावणात टाकळा, कुर्डू, शेवग्याचा पाला रोज, असे झाले की गोळीचा प्रभाव उणावतो. यावर उपाय पालेभाजी वर्ज्य करणे हा नव्हे. वर्षभर साधारण सारख्याच प्रमाणात खावी. कोनफळ, अळकुड्या इत्यादी कंदांत हे जीवनसत्त्व अल्प असल्याने त्यांची चिंता नको.

शुश्रूषा करणाऱ्या गृहिणींनी काही नियम पाळावेत. गोळी रोज ठरलेल्या वेळी द्यावी व वहीत खूण करावी. विसरलेली गोळी त्याच दिवशी आठवल्यास द्यावी. दुसऱ्या दिवशी दुप्पट देऊ नये. ‘आय.एन.आर.’ ही रक्ततपासणी सांगितलेल्या तारखेस करवून आकडा वहीत लिहावा. ॲस्पिरिन, सांधेदुखीच्या गोळ्या वा झाडपाला डॉक्टरांना विचारल्यावाचून देऊ नये. दात काढण्यापूर्वी किंवा दंडात इंजेक्शन घेण्यापूर्वी या गोळीचा उल्लेख अवश्य करावा. तरुण स्त्री ही गोळी घेत असेल, तर गर्भधारणेचा विचार होताच डॉक्टरांना सांगावे. गर्भाला अपाय संभवतो. मात्र गोळी आपण होऊन बंद करू नये.

जळू चावल्यास स्वच्छ फडक्याने जखम नेटाने दाबून धरावी. अशा रुग्णाचे रक्त थांबण्यास अधिक वेळ लागतो. दाबूनही ते न थांबल्यास, शौच काळे झाल्यास, लघवी लाल झाल्यास किंवा डोक्यावर पडल्यास, रुग्ण बरा दिसत असला तरी, विनाविलंब रुग्णालय गाठावे. बोलणे अडखळले वा हातपाय लुळा पडला तरी तेच करावे.

आपल्या भागातील वाड्या रानात विखुरलेल्या; भर पावसात दांडेली वा कारवार गाठणे सोपे नव्हे. तेव्हा मृगापूर्वीच पुरेशा गोळ्या आणून ठेवाव्यात आणि पावसाळ्यातील तपासणी कोठे व केव्हा करावयाची, हे डॉक्टरांना विचारून ठरवावे.