लॉजवरची शिदोरी

आखाडा बाळापूरहून सकाळच्या एस.टी.ने नांदेडला निघाले, तर काम आटोपून दिवेलागणीपर्यंत घर गाठता येते. तेवढ्यापुरती फडक्यात बांधलेली भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी पुरते. अडचण येते ती काम लांबले म्हणजे. विष्णुपुरीच्या शासकीय रुग्णालयात तपासण्या तीन दिवसांवर गेल्या, छत्रपती संभाजीनगरच्या खंडपीठातले काम उद्यावर ढकलले गेले, किंवा मुंबईत परळच्या टाटा रुग्णालयापाशी आठवडाभर थांबावे लागले, की लॉजची खोली घ्यावी लागते. खोलीचे भाडे कमी होत नाही, औषधांचेही नाही. कात्री लागते ती जेवणाला, आणि तीही बहुधा सोबत आलेल्या माणसाच्या.

वाचकहो, ही काटकसर महागात पडते. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन वेळेवर घेतले आणि जेवण मात्र चहा-बिस्किटांवर भागवले, तर वयस्कर माणसाची साखर अचानक उतरू शकते; घाम सुटतो, हातपाय थरथरतात, शुद्धही हरपू शकते. दुसरीकडे हॉटेलचा तर्रीदार रस्सा सत्तरीच्या पोटाला सोसत नाही. या दोहोंमधली वाट आपल्या आजी-पणजींना ठाऊक होती. जाळावरचे काम घरी उरकून निघावे. मुक्कामी फक्त पाणी उकळावे.

खोलीत स्टोव्ह, लहान सिलिंडर किंवा उघड्या तारेची शेगडी नेऊ नये. बंद खोलीत आगीचे आणि विषारी वायूचे भय असते. रेल्वेने तर असे ज्वालाग्राही सामान नेण्यास मनाईच आहे. विजेची किटली चालते, पण आधी व्यवस्थापकाला विचारून, आणि केवळ पाण्यासाठी. तिच्यात दूध उतू जाते, डाळ तळाशी करपते. गाडीच्या डब्यातील चार्जिंगच्या जागेवर ती लावू नये. किटलीची परवानगी नसेल, तर चहाच्या टपरीवर चार पैसे देऊन थर्मास खळखळत्या पाण्याने भरून घ्यावा. किटलीपेक्षा रुंद तोंडाचा चांगला थर्मास अधिक उपयोगी, असे माझे मत आहे.

आपल्या मराठवाड्यात अशा वेळेसाठी येसर आहे. लग्नकार्यात पंगतीला वाढली जाणारी ही आमटी प्रवासातही तितकीच कामाची, हे अलीकडे आपण विसरत चाललो आहोत. ज्वारी किंवा बाजरी, गहू, हरभऱ्याची डाळ, धने, जिरे, मिरी, थोडे खोबरे हे सारे खमंग भाजून दळले की येसर तयार होते. प्रत्येक घराचे प्रमाण वेगळे. प्रवासासाठी तिखट निम्मे ठेवावे. दोन चमचे येसर थोड्या थंड, पिण्याच्या पाण्यात कालवावे म्हणजे गुठळ्या होत नाहीत. मग त्यावर दोन वाट्या उकळते पाणी ओतून थर्मासमध्ये पंधरा मिनिटे झाकावे. त्यात बाजारची पोळी किंवा भाकरी कुस्करली, की दात नसलेल्यांनाही जेवता येते. येसरात मीठ घरी घालू नये. ज्यांचा रक्तदाब वाढलेला आहे किंवा पायांवर सूज आहे, त्यांच्या वाटणीत ते बेताने घालता येते.

रात्रीसाठी खिचडीची भरड करावी. दोन वाट्या तांदूळ आणि एक वाटी मुगाची डाळ कोरडी भाजून रव्यासारखी जाडसर दळावी. हळद, जिरे मिसळावे. खोलीवर थर्मास प्रथम उकळत्या पाण्याने पाच मिनिटे तापवून ते पाणी टाकून द्यावे. ही पायरी चुकली, तर सारे फसते. मग अर्धी वाटी भरड, दोन वाट्या पुन्हा उकळते पाणी, चवीपुरते मीठ. लगेच घट्ट बंद करून हलवावे आणि पाऊण तास उघडू नये. वाफाळती मऊ खिचडी निघते. कोमट निघाली, तर ती टाकून द्यावी. भातातल्या काही जिवाणूंची बीजे उकळीतही टिकतात आणि अन्न कोमट राहिले की वाढू लागतात. त्याच कारणाने उरलेली खिचडी सकाळसाठी ठेवू नये. शिजलेले अन्न दोन तासांत संपवावे. आपल्याकडच्या उन्हाळ्यात एकाच तासात. म्हणून एका वेळी थोडेच करावे.

सकाळी ज्वारीच्या लाह्यांचे पीठ ताज्या ताकात कालवून घ्यावे, नाहीतर फोडणीत भाजून नेलेल्या रव्यावर उकळते पाणी ओतून दहा मिनिटे झाकावे. दोन्हीला कष्ट नाहीत. सोबत बाजारातून केळी, दह्याची पुडी, चालत असेल तर उकडलेले अंडे. कापून ठेवलेली फळे आणि उघड्यावरची कोशिंबीर मात्र घेऊ नये.

पुढचे मुद्दे काळजीवाहकांनी लक्षपूर्वक वाचावेत. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांना केळ्यांतले पोटॅशियम अपायकारक ठरू शकते. त्यांच्या शिदोरीतले काय चालते ते निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे. कर्करोगाचे औषधोपचार चालू असतील, तर न शिजवलेले पदार्थ आणि ताक-दही यांबाबतही विचारून घ्यावे. ज्यांना गिळताना ठसका लागतो, त्यांना चुरमुरे, कोरडी चटणी, सुके पीठ देऊ नये. सर्व काही ओलसर व दाट असावे, आणि जेवताना त्यांना ताठ बसवावे. मधुमेही व्यक्तीच्या खिशात साखरेच्या दोन पुड्या ठेवाव्यात. शुद्धीवर असताना त्या तोंडात घालता येतात. शुद्ध हरपली असेल, तर तोंडात काहीही न घालता तातडीने दवाखान्यात न्यावे.

रोज खोलीतच रांधावे असेही नाही. नांदेडच्या गुरुद्वाऱ्यात लंगर सर्वांना खुला असतो. तिथे जेवताना कोणी जात-धर्म विचारत नाही. मुंबईत दादरला संत गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा परगावच्या रुग्णांना आणि त्यांच्या नातेवाइकांना आसरा देते. २६ जानेवारी २०२० पासून सुरू झालेल्या शिवभोजन योजनेत दहा रुपयांत दोन चपात्या, भाजी, वरण, भात मिळतो. रुग्णालयाच्या परिसरात असे केंद्र चालू असेल, तर दुपारचे एक जेवण तिथे घ्यावे आणि लॉजवर फक्त रात्रीची सोय करावी. समाजसेवा विभागाकडे चौकशी करण्यात कमीपणा मानू नये. ते त्यांचे कामच आहे.

निघण्याच्या आदल्या दिवशी प्रत्येक पुडी एकाच जेवणापुरती बांधा, वर भाजल्याची तारीख लिहा आणि तितक्याच पुड्या आपल्या नावानेही बांधा. रुग्णाची बशी भरल्यावर डबा रिकामा झाला, म्हणून उपाशी निजणारी सून किंवा मुलगा पुढच्या दिवशी रांगेत चार तास उभा राहू शकत नाही. आजोबांना बोलवेल तर त्यांनीच विचारावे, "तू जेवलास का रे?" आणि उत्तर ऐकून घ्यावे.