चिल्ला संपल्यानंतर

माझी मुलगी पहिल्या बाळंतपणासाठी विलेपार्ल्याला आमच्याकडे आली होती. छठी झाली, अकीका झाला. चाळीस दिवस मी तिला पाण्यात हात घालू दिला नाही. अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, मालिश, शेक, धुरी. माझ्या आईने माझ्यासाठी जे केले ते सारे मी तिच्यासाठी केले. चिल्ला संपला आणि जावई तिला मुंब्र्याला घेऊन गेले. दहाव्या दिवशी रात्री दोन वाजता तिचा फोन आला. "अम्मी, बाळ रडतं तेव्हा मला काहीच वाटत नाही. मी नसले तर याला दुसरी चांगली आई मिळेल."

मी काय उत्तर दिले ते प्रामाणिकपणे सांगते. "असं अभद्र बोलू नकोस. नजर लागली असेल. आम्ही नाही का मुलं वाढवली?" फोन ठेवला आणि झोप उडाली. पहाटेच्या पहिल्या लोकलने दादर गाठून मी मुंब्र्याला पोचले.

गेली वीस वर्षे मी या चळवळीत आहे. तलाक, पोटगी, मुलींचे शिक्षण यांवर सभा घेते. माझी लेक मात्र चाळीस दिवस माझ्या डोळ्यांसमोर झुरत होती आणि ते मला दिसले नाही. बाळ झोपले तरी ती जागीच असायची. अन्नावरची तिची वासना उडाली होती. मी विचारत होते ते एवढेच, दूध येते का, टाके भरले का. तिने परवानगी दिली म्हणूनच हे लिहीत आहे.

बाळंतपणानंतर दोन-तीन दिवसांनी बऱ्याच बायकांना उगाच रडू येते, चिडचिड होते. ते बहुधा दोन आठवड्यांत ओसरते. त्यापुढेही उदासी राहिली, बाळाबद्दल ओढ वाटेनाशी झाली, 'मी नालायक आई आहे' हा विचार पाठ सोडेनासा झाला, तर ते प्रसूतीनंतरचे नैराश्य असू शकते. हा आजार आहे आणि तो बरा होतो. भास होणे, भलतेसलते बोलणे, दिवसेंदिवस झोप न लागणे ही लक्षणे मात्र याहून गंभीर आणि विरळ आजाराची असतात. अशा बाईला त्याच दिवशी दवाखान्यात न्यावे लागते. आपल्याकडे नेमकी हीच लक्षणे 'बाहेरचे' ठरतात आणि तावीज शोधण्यात मोलाचे दिवस जातात.

गोव्यातल्या एका जिल्हा रुग्णालयात डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २७० गर्भवतींचा अभ्यास केला. तो २००२ साली प्रसिद्ध झाला. प्रसूतीनंतर सहा ते आठ आठवड्यांनी २३ टक्के मातांमध्ये नैराश्य आढळले. त्यांतल्या निम्म्याहून अधिक सहा महिन्यांनीही बऱ्या झालेल्या नव्हत्या. गरिबी आणि नवऱ्याशी बिघडलेले संबंध ही मोठी कारणे होती. बाळ मुलगा की मुलगी, यानेही फरक पडत होता. म्हणजे याचे मूळ बाईच्या 'नाजूक मनात' शोधून भागणार नाही, ते घरातही शोधावे लागेल.

आता दिवस मोजून पाहा. चिल्ला संपतो चाळिसाव्या दिवशी. शेजारच्या हिंदू घरातला सव्वा महिनाही त्याच सुमाराला सरतो. नवजात बाळासाठी आशा सेविकेची शेवटची ठरलेली भेट बेचाळिसाव्या दिवशी असते. सगळ्यांची पाठ फिरते तेव्हाही कितीतरी आया या आजारात असतात. मालिश थांबते, पाहुणे थांबतात, आणि तिने पूर्वीसारखे कामाला लागावे अशी अपेक्षा सुरू होते. चिल्ल्यात विश्रांती आहे, आहार आहे, नमाज-रोज्यातूनही तिला मोकळीक आहे. ही आपली चांगली रीत आहे आणि ती टिकवावी. फक्त तिच्यात एक प्रश्न घालावा आणि चाळिसाव्या दिवशी तो थांबवू नये: "तू कशी आहेस?"

यासाठी मोठी पदवी लागत नाही. पाकिस्तानात रावळपिंडीजवळच्या खेड्यांत साध्या आरोग्यसेविकांनी घरोघर जाऊन मातांशी ठरावीक पद्धतीने संवाद साधला. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात सहा महिन्यांनी त्यांच्या भेटी मिळालेल्या मातांपैकी २३ टक्के नैराश्यात होत्या. इतर मातांमध्ये हे प्रमाण ५३ टक्के होते. पुढे गोव्यात हेच काम वस्तीतल्याच बायांनी केले. त्यांना 'सखी' म्हणत.

पार्ल्यात महापालिकेचे कूपर रुग्णालय आहे. तिथे मानसोपचाराचा विभाग आहे. १४४१६ हा 'टेली-मानस'चा सरकारी क्रमांक मोफत आणि चोवीस तास चालतो, मराठीतही बोलता येते. अंगावर पाजत असतानाही घेता येतील अशी औषधे डॉक्टर देऊ शकतात. माझ्या मुलीने ती घेतली, समुपदेशन घेतले आणि दूधही तोडले नाही. "बाळ काढून घेतील" या भीतीने अनेकजणी गप्प राहतात. त्यांच्यासाठी सांगते, २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार आईला दाखल करावे लागले तरी तीन वर्षांखालचे मूल सहसा तिच्यापासून वेगळे करता येत नाही.

आपल्या शाखांना माझी विनंती आहे. नेहरूनगर असो वा मुंब्रा, आपल्या वस्तीत बाळंत झालेल्या बाईकडे दोघींनी दुसऱ्या, सहाव्या आणि बाराव्या आठवड्यात जावे. बाळाला मांडीवर घ्यावे आणि सासूला बाहेर गप्पांत गुंतवून तिच्याशी एकटीशी बोलावे. ती मरणाची भाषा बोलली तर रागावू नये, तिला एकटे सोडू नये, आणि सोबत दवाखान्यात जावे. पुरुष कार्यकर्त्यांनी नव्या बापाशी बोलावे, रात्रीचे एक जागरण त्याने उचलावे.

नातू आता दीड वर्षाचा आहे. परवा मुलीने विचारले, "अम्मी, त्या रात्री फोन उचलला नसतास तर?" मला उत्तर देता आले नाही.