आमदारकी आधी की लोकांचं काम आधी?



ठाणे, कल्याण, डोंबिवलीकडून एक प्रश्न हमखास येतो : "सर, धंदा जरा बसला की राजकारणात उतरावं का? पद असलं की कामं पटापट होतात ना?"

माझं मत स्पष्ट आहे. खुर्चीमागे धावण्याआधी लोकांच्या उपयोगी पडा. आपल्या कल्याणच्या कल्पना सरोज यांचा प्रवास बघा.

अकोला जिल्ह्यातल्या खेड्यात जन्म. बाराव्या वर्षी लग्न. पुढे मुंबईत होजिअरी कारखान्यात दोन रुपये रोजावर काम. मग सरकारी योजनेतून ५० हजारांचं कर्ज घेऊन फर्निचरचा धंदा. इथपर्यंतची गोष्ट बऱ्याच जणांना माहीत असते. पुढचा भाग मात्र लोक विसरतात. कर्ज मिळवताना किती खेटे घालावे लागतात ते त्यांनी स्वतः सोसलं होतं. म्हणून त्यांनी बेरोजगार तरुणांची संघटना उभी केली आणि इतरांना सरकारी योजनांची माहिती द्यायला सुरुवात केली. तेव्हा हातात ना पद, ना पक्षाचं तिकीट!

याचं फळ काय मिळालं? कुर्ल्याची कमानी ट्यूब्स ही कंपनी १९८८ साली सुप्रीम कोर्टाने कामगारांच्या ताब्यात दिली होती. तरीही ती बुडत गेली. कर्ज ११६ कोटींचं, कोर्टात खटल्यांचा ढीग. २००० च्या सुमारास तिचे कामगार कल्पनाताईंकडे आले. तांब्याच्या नळ्यांच्या धंद्याचा त्यांना काहीच अनुभव नव्हता. मग कामगार का आले? माझ्या मते, "ही बाई अडलेलं काम सोडवते" एवढा भरवसा होता म्हणून. त्यांनी जाणकारांची टीम बसवली, बँकांशी बोलणी करून दंड-व्याज माफ करून घेतलं आणि २००६ मध्ये कंपनीच्या अध्यक्ष झाल्या. २०१३ ला पद्मश्री मिळाली.

आता पदाचं बघा. शेजारच्या मीरा-भाईंदरमध्ये माजी महापौर गीता जैन २०१९ ला अपक्ष आमदार झाल्या, २०२४ ला हरल्या. यात त्यांना कमी लेखायचं नाही. पण पद पाच वर्षांचं असतं, माणसाचं नाव मात्र टिकतं.

राजकारणात जाऊच नका, असं मी म्हणत नाही. विधानसभेत धंद्याचा घाम गाळलेली माणसं, विशेषतः बायका, हव्याच आहेत. २०२४ ला २८८ आमदारांत महिला फक्त २१! पण तिथे जायची शिडी चौकातल्या बॅनरवरून जात नाही.

म्हणून या आठवड्याचा गृहपाठ : तुमच्या ओळखीच्या एका पोळी-भाजीवालीचं किंवा शिलाई करणाऱ्या ताईचं उद्यम रजिस्ट्रेशन करून द्या. ते फुकट होतं, कमिशन घ्यायचं नाही. आणि हो, आपला गल्ला सांभाळूनच! दुकान बंद ठेवून केलेली समाजसेवा फार दिवस चालत नाही.

कुणाला मदत केलीत, कमेंटमध्ये नक्की लिहा.