आधी नाव, मग फोटो

मैत्रिणींनो, सुट्टीच्या दिवशी मी हौसेने कॅमेरा घेऊन श्रमदानाला, आरोग्य शिबिराला जाते. आयोजक सांगतात, 'पाहुण्यांचे फोटो घ्या.' घमेली वाहणाऱ्या, खिचडी रांधणाऱ्या बाया चौकटीबाहेर! घेतलाच एखादीचा, तर खाली छापतात, 'एक कष्टकरी महिला'.

ही रीत जुनीच. १९३६ साली कॅलिफोर्नियात डोरोथिया लँगने काढलेला 'मायग्रंट मदर' हा फोटो जगभर गाजला. त्यातली बाई फ्लॉरेन्स थॉम्पसन, हे जगाला कळले १९७८ साली. लँगने नाव विचारलेच नव्हते.

मीही कित्येकींना विचारले नाही. आता विचारते, 'नको' म्हटले तर कॅमेरा बंद. नाव छापायचे की नाही, तेही तिनेच ठरवायचे. मग आपल्याच संघटनांच्या अहवालांत बिननावाच्या बाया का?